जुन्या ट्रकच्या स्टिअरिंग कॉलममधील रबरी भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टिअरिंग कॉलममध्ये रबर नेमके कोठे कोठे असते?

स्टिअरिंग कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारी नळी आणि तिच्या आत फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट. तो वरून खाली पाहत आलो, तर पहिले रबर हॉर्नच्या बटणाखाली सापडते. काही गाड्यांत बटणाची टोपीच रबराची असते, तर काहींत धातूच्या टोपीखाली विजेचा संपर्क अडवणारी रबरी कडी असते. त्याखाली, कॉलमच्या बाहेरच्या नळीच्या वरच्या टोकाशी, शाफ्टला मध्यभागी धरणाऱ्या बेअरिंगभोवती अनेकदा रबरी बाही असते. कॉलम डॅशबोर्डला जेथे क्लॅम्पने बांधलेला असतो तेथे रबराची पट्टी असते, कॉलमवर गिअर लिव्हर असेल तर त्याच्या बुडाशी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी) आणि कांड्यांच्या टोकांना बुश (सांध्यात बसणारी छोटी बाही) असतात, दिशादर्शक दिव्यांच्या तारा नळीतून बाहेर पडतात तेथे आणखी एक ग्रोमेट असतो, आणि जेथे कॉलम केबिनच्या फरशीतून किंवा फायरवॉलमधून (केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून) इंजिनाच्या बाजूला जातो तेथे सर्वांत मोठे सील असते. ज्या ट्रकमध्ये कॉलमचा शाफ्ट आणि स्टिअरिंग बॉक्स (शाफ्टचे फिरणे चाकांच्या वळण्यात बदलणारी गिअरची पेटी) वेगळे आहेत, तेथे त्या दोघांना जोडणाऱ्या कपलिंगमध्ये कापडाचे थर घातलेली रबरी चकतीही असू शकते.

हे सगळे भाग एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. कोणी पाणी व धूर अडवतो, कोणी कंप शोषतो, कोणी वीज अडवतो, आणि कपलिंगची चकती तर चालकाच्या हातातले वळण चाकांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे नवा भाग निवडताना पहिला प्रश्न तो कसा दिसतो हा नसून तो कोणते काम करतो हा असला पाहिजे. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

जुने रबर दिसायला ठीक असेल तर ते तसेच ठेवावे का?

फरशीचे सील लवचीक असेल, दुमडल्यावर बाहेरच्या वळणावर बारीक भेगा दिसत नसतील आणि दाबून सोडल्यावर ते मूळ आकारात परत येत असेल, तर ते ठेवण्यास हरकत नाही. दशके दाबाखाली राहिलेले रबर मात्र बहुधा चपटे होऊन बसते. हाताला मऊ लागले तरी त्याची परत उसळण्याची ताकद संपलेली असते आणि एकदा सोडवल्यावर ते पूर्वीसारखे घट्ट बसत नाही. कपलिंगच्या चकतीबाबत उत्तर वेगळे आहे : तिचे वय ठाऊक नसेल, ती तेलाने फुगलेली असेल किंवा कडेने कापडाचे धागे बाहेर आलेले असतील, तर ती बदलावी, आणि त्यात काटकसरीचा विचार करू नये.

कारखान्याचा मूळ, कधीही न वापरलेला जुना साठा मिळत असेल तर तो घ्यावा का?

धातूच्या भागांच्या बाबतीत असा साठा मौल्यवान असतो. रबराच्या बाबतीत माझे मत स्पष्टपणे उलट आहे. रबर खोक्यात पडून असतानाही हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांच्यामुळे म्हातारे होतच असते. नैसर्गिक रबरासाठी योग्य साठवणीतही सुरुवातीची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षे, निओप्रीन व नायट्राइल या कृत्रिम रबरांसाठी सात आणि ईपीडीएम या आणखी एका कृत्रिम रबरासाठी दहा वर्षे धरली जाते. पुढे तपासणी करून ती काहीशी वाढवता येते. साठ वर्षांपूर्वीचा भाग या हिशेबात कोठेच बसत नाही. तो विकत घ्यायचाच असेल तर मापे, कडांचे आकार आणि साच्यावरील खुणा पाहण्यासाठी नमुना म्हणून घ्यावा, आणि ट्रकमध्ये त्या नमुन्याबरहुकूम नव्याने बनवलेला भाग बसवावा.

नवा भाग कोणत्या रबराचा असावा?

जुन्या ट्रकमध्ये नैसर्गिक रबर किंवा त्या काळचे सर्वसाधारण कृत्रिम रबर वापरलेले असे, कारण त्या वेळी तेच उपलब्ध होते. निओप्रीन १९३०च्या दशकात बाजारात आले आणि ईपीडीएम तर १९६०च्या दशकात. त्यामुळे मूळ भाग ज्या रबराचा होता त्याच रबराचा नवा भाग असावा, हा आग्रह या ठिकाणी सोडून देणे हिताचे आहे. आकार मूळचा ठेवावा आणि द्रव्य चांगले निवडावे.

ईपीडीएम हे ऊन, पाऊस, ओझोन आणि उष्णता उत्तम सोसते, पण खनिज तेल लागले की फुगते आणि मऊ पडते. नायट्राइलचे याच्या नेमके उलट आहे : तेल व ग्रीस त्याला फारसे बाधत नाहीत, परंतु उघड्यावर, ताणलेल्या अवस्थेत ओझोनमुळे त्याला लवकर भेगा जातात. निओप्रीन या दोघांच्या मधले आहे. दोन्ही गोष्टी ते बऱ्यापैकी सोसते. नैसर्गिक रबराची उसळी आणि फाटण्याला होणारा विरोध उत्कृष्ट असतो, पण तेल आणि ओझोन हे दोन्ही त्याचे शत्रू आहेत. यावरून निवड करता येते. केबिनच्या बाजूने दिसणाऱ्या, तेलापासून दूर असलेल्या फरशीच्या सीलसाठी ईपीडीएम योग्य. स्टिअरिंग बॉक्सच्या जवळचे, तेलाचे शिंतोडे उडणारे सील असेल तर निओप्रीन अधिक सुरक्षित. ग्रीसमध्येच राहणाऱ्या बुशसाठी नायट्राइल घ्यावे. एक्झॉस्टची नळी कॉलमच्या अगदी जवळून जात असेल, तर नैसर्गिक रबर टाळावे, कारण सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिल्यास ते झपाट्याने खराब होते.

कडकपणाकडेही लक्ष द्यावे. तो शोर ए नावाच्या ० ते १०० च्या मापपट्टीवर मोजतात; आकडा जितका मोठा तितके रबर कडक. ओठासारखी पातळ कड असलेले सील साधारण ५० ते ६० असावे, भार घेणारा बुश ६० ते ७० असावा. विक्रेत्याकडे हा आकडा मागण्यात संकोच करू नये. जो उत्पादक आपला भाग काळजीपूर्वक बनवतो त्याच्याकडे तो असतो.

हाती आलेला भाग कोणत्या रबराचा आहे, हे घरी ओळखता येईल का?

नक्की नाव सांगता येणार नाही, पण तेल चालते की नाही हे कळू शकते. साच्यातून निघालेल्या भागाच्या कडेला बहुधा पातळ जादा पापुद्रा असतो. तो धारदार पात्याने कापून त्याचा तुकडा एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा आणि न बुडवलेल्या तुकड्याशी ताडून पाहावा. तो ठळकपणे फुगला, तर तो भाग ग्रीस लागणाऱ्या जागी वापरू नये. पृष्ठभागावर कधी कधी पांढुरकी, मेणचट झाक दिसते. ती रबरातून वर आलेल्या मेणाचीही असू शकते आणि ते मेण ओझोनपासून संरक्षण करते. त्यामुळे जेथे काही चिकटवायचे नाही तेथे ती घासून काढण्याची गरज नाही.

मापे कशी घ्यावीत?

जुन्या सीलवरून माप घेऊ नये. ते आकसलेले किंवा पसरलेले असते. व्हर्निअर कॅलिपरने कॉलमच्या नळीचा बाहेरचा व्यास, फरशीतील भोकाचा व्यास आणि पत्र्याची जाडी थेट मोजावी. नळी जागोजागी चेपलेली असते, म्हणून एकाच ठिकाणी दोन दिशांनी मोजावे. नळीला पावडर कोटिंग केलेले असेल तर व्यास किंचित वाढतो : थराची जाडी सर्वसाधारणपणे ६० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते आणि ती दोन्ही बाजूंनी मोजली जाते, म्हणजे व्यासात ०.१२ ते ०.२ मिलिमीटर भर पडते. रबरी सीलला हे सहज सामावता येते, परंतु बेअरिंगच्या बाहीला कधी कधी तेवढ्यानेही जागा कमी पडते. त्यामुळे ज्या पृष्ठभागावर बेअरिंग बसते तो रंगवताना झाकून ठेवावा.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मूळ सीलच्या आत पोलादी पत्र्याची कडी साच्यातच बसवलेली होती का, हे फेकून देण्यापूर्वी पाहावे. पुष्कळ स्वस्त भागांत ती कडी गाळलेली असते, आणि मग स्क्रू आवळताच रबर लाटांसारखे वर उचलले जाते.

रबरी भाग रंगकामाच्या आधी बसवावेत की नंतर?

कोरडी जुळवणी आधी, अंतिम बसवणी नंतर. रंग लावण्यापूर्वी सगळे भाग एकदा कोणतेही वंगण न लावता जागेवर बसवून पाहावेत, म्हणजे भोक मोठे करणे किंवा वाकडा पत्रा सरळ करणे ही कामे नव्या रंगावर करावी लागत नाहीत. त्यानंतर ते काढून रंग द्यावा आणि रंग पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावेत. पुरता न वाळलेला रंग दाबाखालील रबराला चिकटतो. फिकट रंगावर काळ्या रबरातील द्रव्ये झिरपून तपकिरी डाग पडू शकतात. पांढऱ्या किंवा मलई रंगाच्या केबिनमध्ये याची आधीच चौकशी केलेली बरी. सिलिकोनचा फवारा रंगकामाच्या जागेजवळ उघडूही नये, कारण त्याचा सूक्ष्म अंश पत्र्यावर बसला तरी नव्या रंगात वाटोळे खळगे पडतात.

जुने रबर काढताना कोणती काळजी घ्यावी?

सर्वप्रथम बॅटरीची तार काढावी, पुढची चाके सरळ करावीत, आणि स्टिअरिंग चाक व शाफ्ट यांच्यावर समोरासमोर खूण करावी. स्टिअरिंगचे चाक पुलरनेच (ओढून काढण्याच्या हत्याराने) काढावे. शाफ्टच्या टोकावर हातोडीचे घाव घातल्यास आटे तर बिघडतातच, शिवाय बॉक्समधील बेअरिंगलाही इजा होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अपघाताच्या वेळी दबणारे कॉलम वापरात येऊ लागले. जनरल मोटर्सने ते १९६७ च्या मॉडेलपासून आपल्या मोटारींमध्ये दिले. अशा कॉलममध्ये प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी दोन भाग एकत्र धरलेले असतात आणि ते हातोडीच्या एका घावानेही तुटू शकतात. आपल्या ट्रकचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक नसेल, तर तो दबणारा आहे असे समजूनच काम करावे.

कडक झालेले रबर प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पाचरीने सोडवावे. पोलादी पटाशीने रंगाखालचा पत्रा खरवडला जातो आणि गंज तेथूनच सुरू होतो. फायरवॉलला चिकटलेला जुना तंतुमय जाड थर मात्र कोरडा खरवडू नये. काही जुन्या वाहनांत अशा थरांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. शंका असल्यास त्याची तपासणी होईपर्यंत तो हलवू नये.

सील अखंड घ्यावे की एका बाजूने चिरलेले?

कॉलम बाहेर काढलेला असेल तर अखंड सील घ्यावे. ते शाफ्टच्या खालच्या टोकाकडून, कपलिंग किंवा बॉक्स जोडण्यापूर्वी नळीवर सरकवावे लागते, आणि हे विसरून सर्व जोडणी झाल्यावर सील बाकावरच राहिलेले लक्षात येणे ही या कामातली नेहमीची गोष्ट आहे. म्हणून जोडणीला हात घालण्यापूर्वी सगळे अखंड भाग क्रमाने नळीवर चढवून ठेवावेत. ज्या ट्रकमध्ये लांब शाफ्ट बॉक्सपासून थेट चाकापर्यंत अखंड जातो, तेथे कॉलम न काढता काम करायचे असल्यास चिरलेल्या सीलला पर्याय नसतो. त्याची चीर रस्त्यावरचे पाणी उडते त्या बाजूला येऊ देऊ नये, आणि तिची दोन्ही टोके एकमेकांना अलगद टेकतील इतकीच असावीत. ताणून जुळवलेली चीर काही काळाने उघडते.

नवे रबर सहज सरकावे म्हणून काय लावावे?

साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, हे पहिले. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम दोन्ही त्याने फुगतात, आणि हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. जेथे भाग बसल्यावर पुन्हा हलायचा नाही तेथे साबणाचे पातळ पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे असते. अल्कोहोल उडून जाते आणि मागे काही उरत नाही, म्हणून मला ते अधिक पसंत आहे. मात्र ते ज्वलनशील असल्याने आजूबाजूला वेल्डिंग किंवा उघडी ज्योत नसावी, आणि नव्या रंगावर लावण्यापूर्वी एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी. साबणाचे पाणी उघड्या पोलादावर अडकून राहिले तर गंज धरतो, तेव्हा ते पुसून कोरडे करावे. ज्या सीलमधून शाफ्ट सतत फिरतो तेथे सिलिकोन ग्रीस किंवा एरंडेल तेलावर आधारित रबर ग्रीस लावावे.

भाग फारच ताठ असेल तर कढत पण उकळत नसलेल्या पाण्यात काही मिनिटे ठेवावा. गार हवेत ताठ वाटणारे सील अशा शेकाने पुष्कळ नरम येते. ओठ भोकाच्या कडेवर चढवताना पेचकस वापरण्याऐवजी ओठाच्या खाचेत बारीक गुळगुळीत दोरी भरावी, तिची टोके दुसऱ्या बाजूने बाहेर ठेवावीत आणि सील दाबून धरून दोरी हळूहळू ओढावी. ओठ आपोआप कडेवर चढत जातो आणि त्याला टोचा लागत नाही.

सील चिकटवणे आवश्यक आहे का?

खाचेत बसणाऱ्या सीलला चिकटद्रव्य लागत नाही. लागत असेल तर माप चुकले आहे. सपाट पट्टीसारख्या भागांना निओप्रीनवर आधारित कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग दाबावे. त्याआधी साच्यातील तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा. ईपीडीएमला बहुतेक चिकटद्रव्ये नीट धरत नाहीत, म्हणून त्याच्या पट्ट्या यांत्रिक पकडीने बसवणे अधिक खात्रीचे.

कपलिंगची रबरी चकती बदलताना विशेष काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे, कारण येथे झालेली चूक गळतीवर किंवा खडखडाटावर थांबत नाही. ही चकती केवळ दिसण्यात जुन्यासारखी असून चालत नाही. तिच्यात कापडाचे मजबुतीचे थर असले पाहिजेत, आणि ती त्याच कामासाठी बनवलेली असली पाहिजे. साध्या रबरी पत्र्यातून कापलेली, कारागिराने घरी तयार केलेली किंवा वाहनाच्या अन्य भागातून उचललेली चकती येथे कधीही वापरू नये. जुन्या कपलिंगवरचे रिव्हेट काढून तेथे बोल्ट लावायचे असतील, तर ते संचासोबत आलेले, योग्य दर्जाचे बोल्ट आणि स्वतःहून न सुटणारे नट असावेत. ते दुरुस्ती-पुस्तिकेतील बलाने टॉर्क पान्याने (आवळण्याचे बल दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि एकदा काढलेले लॉक नट पुन्हा वापरू नयेत.

बऱ्याच रचनांमध्ये दोन बाजूंचे बोल्ट वेगवेगळ्या व्यासाचे ठेवलेले असतात, जेणेकरून कपलिंग उलटे जोडता येऊ नये. तसेच स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकावरील उभ्या दातांवर) एक सपाट जागा असते. दोन्ही खुणा जुळत नसतील तर भोक मोठे करून जुळवू नये. कपलिंग अर्धा फेरा फिरवून पाहावे. बॉक्सच्या शाफ्टवरील पकड-बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जाणे आवश्यक आहे, कारण तोच शाफ्टला निसटू देत नाही.

चकतीच्या दोन्ही बाजूंना धातूचे अडकण-खिळे असतात. रबर फाटलेच, तर हे खिळे समोरच्या खाचेला टेकून वळण पोहोचवत राहतात. कॉलम बसवून झाल्यावर हे खिळे आपापल्या खाचेच्या मधोमध आहेत का, हे दिव्याच्या उजेडात पाहावे. ते एका बाजूला टेकत असतील, तर कॉलम आणि बॉक्स एका रेषेत नाहीत. तेव्हा डॅशबोर्डचा क्लॅम्प आणि फरशीची पट्टी सैल करून कॉलम सरकवावा. चकती दोन शाफ्टमधला अगदी थोडा कोन सामावून घेते, ती युनिव्हर्सल जॉइंटची (मोठ्या कोनातही फिरणे पोहोचवणाऱ्या धातूच्या सांध्याची) जागा घेऊ शकत नाही. कोन मोठा असेल तर जोडाचा प्रकार बदलण्याचा विचार जाणकाराच्या सल्ल्याने करावा.

नवे रबर बसवल्यानंतर हॉर्न वाजत नाही. बिघाड कोठे असावा?

बहुतेक जुन्या ट्रकमध्ये हॉर्नच्या बटणापर्यंत एकच तार येते. बटण दाबले की ती तार शाफ्टला किंवा नळीला टेकते आणि तेथून चॅसीमार्गे (गाडीच्या सांगाड्यातून) अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, मिळून हॉर्नची रिले (हॉर्नला वीज देणारा विद्युत-स्विच) चालू होते. जुने रबर झिजून धातू धातूला टेकत असल्याने हा मार्ग वर्षानुवर्षे चालत राहिलेला असतो. नवे, जाड रबर डॅशच्या क्लॅम्पमध्ये, फरशीत आणि कपलिंगमध्ये एकदमच आले की शाफ्ट चॅसीपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण अलग पडतो. त्यात सगळीकडे नवा रंग असला तर उरलासुरला संपर्कही जातो.

तपासणी सोपी आहे. एका तारेचे टोक चॅसीच्या उघड्या धातूला आणि दुसरे शाफ्टच्या उघड्या धातूला लावून बटण दाबावे. हॉर्न वाजला, तर अर्थ तुटलेला आहे. कपलिंगच्या एका बाजूच्या बोल्टपासून दुसऱ्या बाजूच्या बोल्टपर्यंत थोडी ढिली, वेणीदार तांब्याची तार जोडल्यास हे काम कायमचे होते. काही चकत्यांमध्ये यासाठी धातूची जाळी आधीच बसवलेली असते. तशी असल्यास तिच्या संपर्काच्या जागेवरचा रंग काढलेला आहे ना, एवढे पाहावे.

उलट हॉर्न सतत वाजत राहतो, तेव्हा काय करावे?

बटणाखालची नवी रबरी कडी जाड असेल तर स्प्रिंग कायम दाबलेली राहते. कमी जाडीची असेल तर संपर्काची वाटी खाली टेकते. दोन्ही शक्यता कॅलिपरने लगेच तपासता येतात. तिसरी शक्यता क्वचित आढळते : काळ्या रबरात मजबुतीसाठी काजळी मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण फार असल्यास ते रबर थोडीफार वीज वाहून नेते. वीज अडवण्यासाठी बसवायचा प्रत्येक भाग बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावा.

काम झाल्यावर स्टिअरिंग जड झाले आहे. रबर सैल होण्याची वाट पाहावी का?

वाट पाहू नये आणि गाडी रस्त्यावर नेऊ नये. कपलिंग सोडवून शाफ्ट नुसत्या बोटांनी फिरवून पाहावा. तो येथेच अडत असेल, तर वरची बेअरिंगची बाही फार घट्ट आहे किंवा फरशीच्या सीलने नळी एका बाजूला ढकलली आहे. शाफ्ट मोकळा फिरत असेल, तर दोष कपलिंगच्या रेषेत किंवा त्यापलीकडे आहे. बहुतेक वेळा कारण आवळण्याच्या क्रमात सापडते. सर्व बोल्ट आधी हाताने सैल लावावेत, कपलिंग जुळवावे, मग फरशीची पट्टी आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्डचा क्लॅम्प आवळावा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर स्टिअरिंगचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. डॅशचा क्लॅम्प आधी आवळला तर कॉलम वाकडा धरला जातो आणि दोष रबरावर येतो.

गिअर लिव्हरचे बुश पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या पण ताठ प्लॅस्टिकचे) घेतले तर चालतील का?

कांड्यांच्या टोकांना चालतील. तेथे रबर झिजल्याने येणारा ढिलेपणा त्यांनी कमी होतो, पण बसवताना वंगण न दिल्यास ते कुरकुरतात, आणि गिअरबॉक्सचा कंप लिव्हरपर्यंत अधिक येतो. बुश बदलल्यावर कांड्यांची लांबी पुन्हा जुळवावी लागते, कारण जुना ढिलेपणा गृहीत धरूनच ती कोणीतरी आधी बदललेली असण्याचा संभव असतो. सील म्हणून मात्र पॉलियुरेथेन वापरू नये; ते पत्र्याच्या उंचसखलपणाशी जुळवून घेत नाही.

सर्व बसवल्यानंतर तपासणी कशी करावी?

केबिनमध्ये एकाने बसून दिवा धरावा आणि दुसऱ्याने इंजिनाच्या बाजूने फरशीच्या सीलकडे पाहावे. उजेड दिसला तर तेथून धूरही येणार. त्यानंतर खालून पाण्याचा हलका फवारा मारून आतला गालिचा न घालता फरशी पाहावी. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नवे रबर दाबले जाऊन स्थिरावते, तेव्हा फरशीच्या पट्टीचे आणि डॅशच्या क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत. कपलिंगच्या बोल्टवर रंगाची रेघ ओढून ठेवली असेल, तर ते हलले आहेत की नाहीत हे प्रत्येक वेळी पाना न लावताही कळते. रेघ तुटलेली दिसली तर गाडी तेथेच थांबवावी आणि नट बदलून पुन्हा ठरलेल्या बलाने आवळावा.